पळस चुकला की पंचांग?

तापीकाठ | २ मे २०२५, रात्री ९:१४

परवा आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. घागर भरली, पुरणपोळी झाली, निंबाला झोका बांधला. झोक्यावर बसल्या बसल्या सासूबाई म्हणाल्या, "आते झाडेबी येडा व्हई ग्यात माय." तेव्हापासून ते वाक्य डोक्यात फिरतंय, म्हणून धागा काढते.

मी शहाद्याकडची, शाळेत शिकवते. घरापासून शाळा अकरा किलोमीटर आणि रस्त्याच्या एका बाजूला पळसच पळस. गेल्या वर्षी होळीला मुलांना म्हटलं, फुलं आणा, रंग करू. पोरं हात हलवत आली. झाडावर कोवळ्या शेंगा आणि खाली वाळका कचरा. यंदा होळीला तीच झाडं नुसती पेटलेली. त्याच्या आधीच्या वर्षी होळीला निम्म्याहून जास्त कळ्याच होत्या, त्या काळ्या मखमली असतात तशा. झाडं तीच, सण तोच आणि तीन वर्षांत तीन तऱ्हा!

आंब्याचंही तेच. गेल्या आखाजीला गावठी आंब्याचा रस पोटभर. यंदा नैवेद्यापुरते आंबे बाजारातून आणले, तेही बाहेरून आलेले.

हे तापमानवाढीमुळे होतंय का? तुमच्याकडचा पळस, मोह, बहावा, साग काय म्हणतो? ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं लिहा.

---

भरीत_भाकरी | २ मे, ९:३१

ताई, जळगावात माणसांचंच वेळापत्रक राहिलं नाही, झाडांचं काय घेऊन बसलात. मार्च लागला की दुपारी १२ ते ५ अघोषित संचारबंदी. आमच्या गल्लीतला निंब शेजारच्यांच्या एसीचा गरम झोत खातो. त्याला वर्षभर वैशाखच वाटत असणार.

---

पंचांगवाला | २ मे, १०:०२

तापीकाठ ताई, झाडांवर आरोप ठेवण्याआधी होळीची झडती घ्या.

होळी २०२३ मध्ये ६ मार्चला होती, २०२४ मध्ये २४ मार्चला, २०२५ मध्ये १३ मार्चला. म्हणजे ६ तारखेला तुम्ही कळ्या पाहिल्या, १३ ला भर फुलोरा आणि २४ ला शेंगा. हे तर पळसाचं अगदी शहाण्यासारखं वागणं झालं! आखाजीही तशीच: २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला १० मे, यंदा ३० एप्रिल. १० मेला गावठी आंबा पाडाला येतो, ३० एप्रिलला येत नाही, यात आंब्याचा काय दोष?

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवसांनी तोकडं. ती तूट साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून भरून काढतात. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, म्हणून २०२४ चे सण एकदम पुढे ढकलले गेले. झाड चंद्राकडे बघून फुलत नाही. "होळीला पळस असायचा, आता नसतो" हे वाक्य रबराच्या फूटपट्टीने कापड मोजण्यासारखं आहे.

---

खान्देशी_बाणा | २ मे, १०:१५

भाऊ, झाडले तिथी कोन सांगस? त्याले पानी समजस नी ऊन समजस. बाकी तुमनं खरं शे. पन आमना मळाना आंबा यंदा निस्ता पालवीवर गया, मोहोर ऊनाच नही. त्यानं काय? तठे बी अधिक महिना का?

---

तापीकाठ | २ मे, १०:४०

हात्तिच्या! म्हणजे मी तीन वर्षं होळीच मोजत होते.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पंचांग आमना वखतलेबी व्हतं." म्हणजे अधिक महिना तेव्हाही यायचा, तरी झाडं अशी नव्हती, असं त्यांचं म्हणणं. पंचांगवाला दादा, याला उत्तर द्या.

---

पंचांगवाला | २ मे, १०:५२

सासूबाईंना साष्टांग नमस्कार. उत्तर नाही.

एवढंच सांगतो, शेतकऱ्याने पावसासाठी तिथी कधीच धरली नाही, नक्षत्र धरलं. रोहिणी, मृग, आर्द्रा ही सूर्याची नक्षत्रं. मृग ७-८ जूनलाच लागतो, अधिक महिना असो वा नसो. झाडांसाठीही तेच माप घ्या. (तेही अगदी अचल नाही, साधारण ७२ वर्षांत एक दिवस सरकतं. पण तेवढं सासूबाई खपवून घेतील.)

---

तोरणमाळचा_वारा | ३ मे, सकाळी ६:४८

मी पावरा आदिवासी, घर वरती डोंगरात. आमच्याकडे मोहाचं फूल पहाटे गळतं. उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली गेलं नाही तर गुरं आणि अस्वल वाटणीला येतात. त्यामुळे फूल कधी पडायला लागलं, हे आमच्या बायांना बरोबर माहीत असतं, त्याला वही लागत नाही.

आई सांगते ते असं. पूर्वी मोह खालून वर चढत यायचा. आधी पायथ्याच्या गावांचा पडायचा, मग मधल्या पाड्यांचा, मग आमचा. त्यामुळे आत्याकडचा वेचायला आम्ही खाली जायचो आणि नंतर आत्या आमच्याकडे वर यायची. आता दोन्हीकडचा बराचसा एकाच वेळी पडतो, म्हणून कुणीच कुणाकडे जात नाही. आत्या म्हणते, मोहाने भेटीगाठी बंद केल्या.

हे सणावरून सांगत नाही. आईने तर होळीचं नावही घेतलं नाही.

---

हॅम्बुर्गची_माय | ३ मे, दुपारी १:२०

अमळनेरची मी, गेली चौदा वर्षं जर्मनीत. तोरणमाळचा_वारा यांची पोस्ट वाचून अंगावर काटा आला, कारण हीच गोष्ट आल्प्स पर्वतात मोजून झाली आहे. १९६० च्या सुमारास दर हजार मीटर उंचीमागे झाडांना पालवी फुटायला साधारण ३४ दिवसांचा उशीर व्हायचा. अलीकडे तो फरक २२ दिवसांवर आलाय. खालचं आणि वरचं रान एकमेकांच्या जवळ सरकलं.

कारण मजेशीर आहे. इकडच्या झाडाला आधी थंडी खावी लागते आणि मग ऊब. थंडीचा कोटा पुरा झाल्याशिवाय कळी जागीच होत नाही. खालच्या दऱ्यांत हिवाळे इतके उबदार झाले की तो कोटा नीट भरत नाही, त्यामुळे खालची झाडं लवकर फुटायची थोडी अडतात. वर थंडी अजून भरपूर आणि वसंत मात्र लवकर, म्हणून वरची झाडं धावत सुटतात.

इथल्या हवामान खात्याचं १९५१ पासून नोंदी घेणाऱ्यांचं जाळं आहे, बहुतेक साधी हौशी माणसं. वर्षाचे दहा ऋतू पाडतात, तेही झाडांवरून. हेझल फुलला की वसंताची पहिली पायरी. मला तर हे आपल्या नक्षत्रांचंच भावंडं वाटतं.

---

शंकासुर | ३ मे, २:०५

आलं का जर्मनी! सातपुड्यात बर्फ पडतो का? आल्प्सचं गणित मोहाला लावणं म्हणजे भरताला चीज घालणं.

आणि प्रत्येक गोष्ट तापमानवाढीच्या खात्यावर टाकायची सवय सोडा. माझ्या शेताच्या बांधावर दोन पळस आहेत. एकाच्या बुडाशी केळीचं ठिबक, दुसरा कोरड्या मुरमावर. दोघांच्या फुलण्यात दरवर्षी आठवड्याचा तरी फरक. हवा एकच! आधी पाणी, मग रस्त्यावरचे दिवे, मग फांद्या छाटणं, हे सगळं वजा करा आणि मग हवेला धरा.

---

भरीत_भाकरी | ३ मे, २:११

भरताला चीज हा उल्लेख संपादकांनी उडवावा. भावना दुखावल्या आहेत.

---

पर्णगळ | ३ मे, रात्री ८:३०

धुळ्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. शंकासुर आणि हॅम्बुर्गची_माय दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थंड प्रदेशात झाडाची अडचण गारठ्याची असते, आपल्याकडे पाण्याची. आपलं रान पानगळीचं, पण पानं गळतात ती थंडीने नव्हे. पावसाळ्यानंतर जमिनीतली ओल सरते, झाड खर्च कमी करायला पानं टाकतं. सागाची पानं ज्या वर्षी परतीचा पाऊस लांबतो त्या वर्षी उशिरापर्यंत टिकतात, दुष्काळी वर्षी डिसेंबरातच रान उघडं पडतं. पानं गळली की झाडाच्या खोडात पाण्याचा ताळेबंद सुधारतो आणि मग भर उन्हात, पावसाचा थेंब नसताना, पळस, सावर, पांगारा फुलतात. हे पाणी खोडात आणि खोल मातीत साठवलेलं असतं. सालईचं खोड तर साठवणीचा माठच. शंकासुर यांच्या दोन पळसांचं कोडं इथे सुटतं.

मग तापमान कुठे आलं? हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प सामावून घेऊ शकते. म्हणजे हवेची तहान वाढते. ती पानातून, मातीतून पाणी ओढते. पाऊस तेवढाच पडला तरी ओल आधी संपते. आपल्याकडे तापमान झाडाला बोलतं ते बहुतेक पाण्याच्या तोंडून.

अपवाद आंब्याचा. खान्देशी_बाणा यांच्या प्रश्नाचं उत्तर हे. आंब्याच्या फांदीवरचा डोळा मोहोर काढणार की पालवी, हे बऱ्याच अंशी रात्रीच्या गारव्यावर ठरतं. रात्री पंधरा-सोळा अंशांच्या खाली काही दिवस राहिल्या की मोहोर, रात्री उबदार राहिल्या की डोळ्यातून पालवी. वर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस झाला असेल तर झाड वाढीच्या मूडमध्येच असतं. म्हणजे जर्मनीतल्या झाडांसारखा थंडीचा कोटा नाही, पण थंडीचं काम आपल्याकडेही आहेच. तेव्हा चीज अगदीच वाया गेलं नाही.

---

खान्देशी_बाणा | ३ मे, ८:४४

सर, मंग रातले झाडखाले बरफ ठेवू का?

---

पर्णगळ | ३ मे, ८:४७

ठेवा. रसात घालायला उपयोगी पडेल.

---

अंजनवृक्ष | ४ मे, सकाळी ७:३०

वनरक्षक म्हणून तीस वर्षं पायपीट केली, शेवटची काही वर्षं पाटणादेवीच्या बाजूला. माझं निरीक्षण सागाबद्दल. अलीकडे साग सप्टेंबरातच वाळल्यासारखा दिसतो. अख्खा डोंगर तपकिरी. पाऊस चालू, खाली गवत हिरवं आणि वर साग भाजलेला. पूर्वी इतका दिसत नसे. ही वेळ चुकली नाही तर काय?

आणि जाता जाता पंचांगवाला यांना: भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने जिथे मठ काढला, त्या पाटणचं रान आमचं. अधिक महिना आम्हाला शिकवू नये.

---

पर्णगळ | ४ मे, ९:१०

काका, वाळलेलं पान तोडून उन्हाकडे धरून पाहिलंत का? शिरांची नुसती जाळी उरली असेल तर ती वेळ चुकलेली नाही, अळी आहे. सागाची पानं खाऊन जाळी करणारी एक अळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात इतकी वाढते की लांबून रान करपल्यासारखं दिसतं. दुसरी एक अळी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच कोवळी पानं फस्त करते.

---

अंजनवृक्ष | ४ मे, ९:४२

जाळीच असते. बरोबर. म्हणजे तीस वर्षं मी रान राखलं आणि पान हातात घेऊन पाहिलं नाही. तुमच्याकडून शिकलो, सर.

पण अंजनाचं सांगतो, ते हातात घेऊन पाहिलंय. अंजन खान्देशाचं झाड, मुरूम, खडक, काहीही चालतं. त्याला दरवर्षी बी धरत नाही, तीन-चार-पाच वर्षांनी एकदा झाडं शेंगांनी लगडतात. मधल्या वर्षी कुणी बघायला गेलं तर म्हणेल, अंजन बिघडला. तसं नसतं, त्याचा तो स्वभाव आहे. म्हणून दोन-चार वर्षांच्या आठवणीवर बोलू नये असं मला वाटतं. आणि आपण बोलतो तेवढंच.

---

शंकासुर | ४ मे, १०:००

काकांना +१. या धाग्यातली पहिली शहाणी पोस्ट (माझी सोडून).

---

किराणा_कट्टा | ५ मे, रात्री ११:५०

धागा वाचून माळ्यावर चढलो आणि आत्ता उतरलो. शिंका थांबत नाहीत.

आमचं दुकान धडगावला, आजोबांपासून. तेव्हा मोहाची फुलं, चारोळी, आमचूर, डिंक हे सगळं आठवडे बाजारात आमच्याकडे यायचं आणि मीठ-तेल-कपडा घेऊन परत जायचं. आजोबा रोजमेळ लिहायचे, दिवाळीला नवी वही, डावीकडे तिथी, उजवीकडे तारीख. १९७८ ते १९९१ मधल्या अकरा वह्या वाळवीने सोडल्यात. प्रत्येक वर्षीची मोहाची पहिली खरेदी शोधली. सगळ्यात लवकरची ९ मार्च, सगळ्यात उशिराची २ एप्रिल. बाकी मधे कुठेही, काही क्रम नाही.

म्हणजे "पूर्वी सगळं वेळेवर होतं" याला आमच्या वहीत जागा नाही. तीन आठवडे इकडे तिकडे तेव्हाही होत होतं.

---

तोरणमाळचा_वारा | ६ मे, सकाळी ६:३०

काका, तुमच्या वहीत मोह झाडावरून पडल्याची तारीख नाही, तुमच्या दुकानात आल्याची आहे. आधी आम्ही घरापुरता ठेवायचो, वाळवायचो, भाव ऐकायचो, बाजाराचा दिवस बघायचो. ज्या वर्षी घरात ज्वारी संपली त्या वर्षी ओला-सुका तसाच आणून विकला. त्या २ एप्रिलच्या वर्षी कदाचित आमच्याकडे धान्य भरपूर असेल.

---

किराणा_कट्टा | ६ मे, ७:०५

हे मान्य. खरं सांगायचं तर ९ मार्चच्या नोंदीपुढे त्याच माणसाच्या नावावर उधारी लिहिलेली आहे. कोरडं साल होतं ते.

वाचताना थोडं अवघडलो. जाऊ दे.

---

पर्णगळ | ६ मे, दुपारी ३:१५

या दोन पोस्टींमध्ये एका प्रबंधाचं काम झालं.

तरी त्या वह्या फेकू नका. जपानमध्ये क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पासून मिळतात. कुणी शास्त्रासाठी ठेवल्या नव्हत्या. दरबारी लोकांच्या रोजनिशीत फुलं बघण्याच्या सोहळ्यांची तारीख असायची, ती पुढच्यांनी गोळा केली. २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला, बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा. तिथेही सोहळ्याची तारीख आणि फुलाची तारीख वेगळी असू शकते, पण नोंदी पुष्कळ असल्या की असले खड्डे बुजतात. अकरा वह्यांनी बुजत नाहीत.

आपल्याकडे पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने सागाच्या खोडातली वर्तुळं मोजून जुन्या पावसाचा माग काढला आहे. उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांना अशी स्पष्ट वार्षिक वर्तुळं असतात, त्यात साग आहे. साग स्वतःचा रोजमेळ लिहितो. पण त्यात किती वाढला हे कळतं. कोणत्या दिवशी पालवला, हे नाही.

---

भरीत_भाकरी | ६ मे, ३:४०

एक सुचतंय, गंभीरपणे. सगळ्यांच्या खिशात रोजमेळ आहेच. मोबाइलमधले जुने फोटो! प्रत्येकावर तारीख असते. ताई, तुम्ही पळसाचे फोटो काढल्याशिवाय राहिला असाल असं वाटत नाही.

मी माझे तपासले. भरीत पार्टी, डिसेंबर. भरीत पार्टी, जानेवारी. भरीत पार्टी, जानेवारी. मागे कुठेतरी एक झाड आहे, पण ते बाभूळ आहे.

---

तापीकाठ | ७ मे, रात्री ९:२५

भरीत_भाकरी, तोंडात साखर पडो. २०१९ पासूनचे सापडले. शाळेच्या वळणावरच्या एकाच पळसाचा, त्या वर्षीचा पहिला फुललेला फोटो: २१ फेब्रुवारी, १६ फेब्रुवारी, मग २०२१ चा नाही (शाळा बंद), २४ फेब्रुवारी, १३ फेब्रुवारी, १९ फेब्रुवारी, १५ फेब्रुवारी. अकरा दिवसांच्या आतबाहेर. आणि मी म्हणत होते, तीन वर्षांत तीन तऱ्हा!

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळे फोटो बघितले आणि विचारलं, "आनि पानी कवय पडनं, त्याना फोटू?"

---

पर्णगळ | ७ मे, ९:५०

सासूबाईंना आमच्या विभागात पाठवा.

आकड्यांची उंची लक्षात घ्या. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात साधारण ०.७ अंशाने वाढलं, आणि २०२४ हे १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. वाढ खरी आहे, पण तिच्यामुळे पळस समजा चार-पाच दिवस सरकला असेल, तर तो होळीच्या अठरा दिवसांच्या उड्यांत दिसणारच नाही. सहा फोटोंतही नाही. त्यासाठी एकच झाड, दर आठवड्याला, वर्षानुवर्षं बघावं लागतं.

---

शंकासुर | ७ मे, १०:१०

थोडक्यात, काहीच सिद्ध झालं नाही. धागा बंद करा, आयपीएल बघा.

---

तोरणमाळचा_वारा | २९ मे, सकाळी ७:१५

धागा वर काढतो. आमचूर गेला.

या वर्षी मे महिन्यात पाऊस थांबलाच नाही. आमच्याकडे आखाजीच्या आसपास कैऱ्या उतरवतात, साल काढतात, चिरतात आणि खडकावर, छपरावर उन्हात घालतात. चार-सहा दिवस कडक ऊन मिळालं तर पांढरा आमचूर, चांगला भाव. एक सर आली तरी काळा पडतो. यंदा एकदा गोळा केला, परत घातला, पुन्हा पाऊस. तिसऱ्यांदा बुरशी. घरातल्या बाया रात्रभर चुलीवर सुकवत होत्या, धुराचा वास लागला, व्यापाऱ्याने नाक मुरडलं.

आणि जंगल बघा. साग मे संपायच्या आधी पालवलाय. झाडाला वाटलं, पावसाळा लागला. पर्णगळ सर, त्याचं चुकलं का?

---

अंजनवृक्ष | २९ मे, ८:२०

इकडेही तेच. रोहिणी २५ मेला लागली, त्याआधीच रान हिरवं. मुंबईत पाऊस २६ मेला पोचला, इतका लवकर कधी नोंदलेला नाही म्हणतात. आम्ही वणव्याच्या पहाऱ्यावर मे काढायचो, यंदाच्या पोरांनी छत्र्या घेऊन काढला.

---

पर्णगळ | ३० मे, रात्री ८:०५

झाडाचं चुकलेलं नाही. पाणी मिळालं, फुटलं. आता खरा पाऊस लागून राहिला तर या झाडांना दोन-तीन आठवड्यांचा जादा हंगाम मिळाला. पण मधे जूनमध्ये वीस दिवस ओढ बसली आणि ऊन कडाडलं, तर ही कोवळी पानं हवेच्या तहानेला पहिली बळी पडतील. एका मोठ्या उघडिपीचं काय होतं ते आपण ऑगस्ट २०२३ मध्ये पाहिलंय, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता तो.

झाड पुढचं बघून निर्णय घेत नाही. मागच्या हजारो वर्षांत अशा सरीनंतर बहुतेक वेळा काय झालं, तेवढंच त्याच्या अंगात आहे.

---

शंकासुर | ३० मे, ८:४०

एका वर्षाच्या मे महिन्यावरून मी मत बदलणार नाही. पण माझ्या मुरमावरच्या पळसाला यंदा ठिबकवाल्यासारखीच तजेलदार पानं आहेत. पहिल्यांदाच. नोंद घेतली आहे, तारखेसह. हसू नये.

---

हॅम्बुर्गची_माय | ३१ मे, दुपारी १२:३०

हसत नाही, टाळ्या वाजवतेय.

मग लिहायलाच लागू या ना. भारतात सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे, केरळातल्या शाळांनी तर तो डोक्यावर घेतलाय. आपलं एक झाड धरायचं, आठवड्यातून एकदा बघायचं. कोवळी पानं, फुलं, फळं यांपुढे "नाही, थोडं, भरपूर" एवढंच लिहायचं. तापीकाठ, तुमच्या वर्गाला पळसाचं वळण आहेच.

---

तापीकाठ | १ जून, रात्री ९:००

शाळा उघडली की सुरू. सातवीला वळणावरचा पळस, सहावीला मैदानातला निंब. पाचवी भांडणार, त्यांना बहावा दिला. पावसाचा फोटो काढायला सासूबाई तयार आहेत, मोबाइल मात्र माझा.

एक अडचण. फुललं कधी म्हणायचं? पहिलं फूल दिसलं तेव्हा, की झाड भरलं तेव्हा? मुलं यावर मारामारी करतील.

---

पर्णगळ | १ जून, ९:२०

दोन्ही लिहा. एकच फूल दिसलं तर "थोडं". पण दर आठवड्याला त्याच वारी, त्याच झाडाखाली. काहीच नसेल तर "नाही" लिहायचं, तो रकाना कोरा सोडायचा नाही. पोरं सर्वांत जास्त कंटाळा त्याचाच करतात, आणि उपयोग त्याचाच असतो.

---

खान्देशी_बाणा | १ जून, ९:३३

मन्हा आंबा: मोहोर नाही. कैरी नाही. रस नाही. लिखी टाका.

---

किराणा_कट्टा | २२ जून, रात्री १०:४५

मोहाची खरेदी वडिलांनी बंद केली त्याला वीस वर्षं झाली. दुकानामागे आजोबांनी राखलेला एक मोह अजून उभा आहे. आज नव्या वहीचं पान काढलं, डावीकडे तिथी, उजवीकडे तारीख.

ज्येष्ठ वद्य द्वादशी. २२ जून २०२५. टोळंबी (मोहाची फळं) पडायला लागली, थोडी. फूल नाही. पालवी भरपूर. पाऊस दुपारी.

वारा, वर तुमच्याकडची टोळंबी पडली का?

---

तोरणमाळचा_वारा | २३ जून, सकाळी ६:१०

नाही.